कपाळावरची हळद

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की माझं डोकं फिरायला लागतं. गणपती गेलेले असतात, मांडवांचे खड्डे रस्त्यात तसेच असतात, आणि ऊन असं चावरं पडतं की सकाळी वाळत घातलेली गोधडी दुपारी पापडासारखी कडक होते. गच्चीगच्चीवर लोक पान वाढून कावळ्याची वाट बघत उभे असतात. शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, "तुमच्याकडे कधी गं पान वाढायचं?" मी म्हणते, अमावस्येला. खरं तर एका माणसाच्या नावाने मी पंधराही दिवस काही ना काही वाहत असते. शिव्या. अगदी मनापासून, न चुकता.

त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. माझे वडील ज्या शाळेत चित्रकला शिकवायचे, त्या संस्थेचे ते अध्यक्ष होते, म्हणून त्यांना अध्यक्षच म्हणते. 'ते' म्हणते तेही जुन्या सवयीनं. आदर वगैरे काही नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. का बोलू नये? गेला म्हणून माणूस चांगला होतो का? त्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला दोन तास लागले असं मी ऐकलं, तेव्हा मला बरं वाटलं. आता खोटं कशाला बोलू!

पितृपक्ष म्हणजे आमच्या घरात भाजीचा हंगाम. आम्ही माळी. नाशिकजवळ मखमलाबादच्या अंगाला काकांचा आणि आमचा मिळून मळा होता. या दिवसांत फुलांना कुणी विचारत नाही, झेंडू झाडावरच नवरात्राची वाट बघतो. पण गवार, भेंडी, कारली, अळू, तांबडा भोपळा यांना मात्र नुसती झुंबड. श्राद्धाच्या पानावर या भाज्या लागतात ना. पहाटे गवार तोडायची, तिची लव हाताला चावायची, अळूच्या देठांचा चीक पोलक्याला लागला की तो डाग मरेपर्यंत जायचा नाही. आईची सगळी पोलकी तशीच होती. आजही बाजारात अळूची जुडी हातात घेतली की मला आधी आईची बाही आठवते, मग तो सगळा राग.

नाना, म्हणजे माझे वडील, घरातले पहिले नोकरीवाले. ड्रॉइंग मास्तर. मळ्यातल्या मातीतून उठून हा माणूस रंगात कसा गेला, देव जाणे. खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून स्वतः कुंचले करायचे. त्यांचा हात इतका हलका की झोपलेल्या बाळाच्या गालावरची माशीसुद्धा ते बाळाला न जागवता उचलतील, असं आई म्हणायची. बाकी वेळी ती त्यांच्यावर वैतागलेलीच असायची. "पोरांना आंबा काढायला शिकवतेत अन् घरी एक आंबा आणायची शुद्ध नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तर, पंच्याण्णव साल. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, फिजिक्स घेऊन. श्रावणात अध्यक्षांनी नानांना घरी बोलावलं. त्यांच्याकडे जुनी छोटी चित्रं होती, तळहाताएवढी, कागदावर काढलेले चेहरे. त्यांत एक त्यांच्या मूळपुरुषाचं होतं. किंचित वळलेला चेहरा, पागोटं, मोत्यांचा कंठा, पिवळा अंगरखा. पेशवाईतलं, असं ते सांगायचे. "मास्तर, सर्वपित्रीला हे पानासमोर ठेवायचं आहे, आणि पुढे दसऱ्याला पाहुणे येतील. जरा साफ करून द्या." नाना ते दोन्ही हातांत धरून घरी आले. आई म्हणाली, "तान्हं पोर आणल्यावानी काय धरलंय?"

त्या चित्राच्या कपाळावर मोठा गोल लाल टिळा होता. भिंगातून बघितल्यावर नाना हसायला लागले. मलाही दाखवलं. तो टिळा काढलेला नव्हता, लावलेला होता. सणासुदीला बोटानं लावलेलं कुंकू, वर्षानुवर्षं, थरावर थर, त्याची खपली धरलेली. तिच्या कडेनं खालचा खरा रंग डोकावत होता. नानांनी आठ दिवस घेतले. पाण्याचा थेंब लावला नाही. मोराच्या पिसाचा देठ तासून त्याच्या टोकानं कण कण सैल केला, पावाचा मऊ गर वरून फिरवला, आणि खपली सुटली. खाली केसाएवढी बारीक, उभी केशरी रेघ निघाली. खऱ्या चित्रकारानं काढलेलं खरं गंध. नानांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी बघितला नाही. "बघ," म्हणाले, "दोनशे वर्षांनी ह्याचं कपाळ धुतलं कुणीतरी."

चित्र परत द्यायला ते पितृपक्षात गेले. स्वच्छ रुमालात गुंडाळून. अध्यक्षांनी रुमाल उघडला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मास्तर, हे आमचं चित्र नाही."

नानांना वाटलं, गंमत करतायत. "साहेब, ते कुंकू होतं. वरून लावलेलं. मी काढलं."

"आमच्या घरात चित्राला कुणी हात लावत नाही. टिळा चित्रातला होता. आमच्याकडे उभं गंध कुणी लावलेलंच नाही. अस्सल कुठे आहे?"

आणि संस्थेच्या जुन्या स्मरणिकेतला काळा-पांढरा फोटो पुढे टाकला. त्यात कपाळावर ढळढळीत गोल टिळा! झालं. मास्तरचा हात चांगला, मास्तर नकला छान करतो हे सगळ्या गावाला माहीत. म्हणजे मास्तरनं नक्कल काढून दिली आणि अस्सल विकलं. इतकं सोपं. दुसऱ्या दिवशी संस्थेचा कारकून आणि दोन शिपाई आमच्या घरी आले. ट्रंका उपसल्या. पिठाच्या डब्यात हात घातले. आई दारात उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि नाना ओसरीवर बसून, "शोधू दे, शोधू दे," म्हणत होते. मला त्या वेळी त्यांचाच राग आला होता. अरे, ओरडा ना! एवढे कसे मऊ तुम्ही?

संस्थेनं चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे म्हणणं मांडायला नानांना वेळ दिला होता. नेमका तो दिवस गणपतीनं दूध प्यायला निवडला. ज्यांनी तो दिवस बघितलाय त्यांना सांगायला नको. अख्खं नाशिक चमचे-वाट्या घेऊन देवळांसमोर. रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंत रांगा. दूधवाल्यांकडे दूध उरलं नाही. नाना चित्राबद्दल चार ओळी कागदावर लिहून, इस्त्रीचा शर्ट घालून संस्थेत गेले, तर ऑफिसला कडी. समितीचे सगळे सभासद रांगेत. नाना संध्याकाळपर्यंत पायरीवर बसले आणि परत आले. दोन दिवसांनी निरोप आला की समितीचं एकमत झालेलं आहे. म्हणजे दगडाच्या सोंडेनं दूध ओढलं, यावर सगळ्यांचा विश्वास. मोराच्या पिसानं कुंकू निघालं, यावर मात्र एकाचाही नाही. द्रव असा वर ओढणारा पृष्ठताण म्हणजे काय ते मला त्याच महिन्यात वर्गात शिकवलं होतं. शिकून करणार काय, माझं ऐकणार कोण होतं!

नानांनी राजीनामा दिला. मागितला होता, दिला. त्यानंतर त्यांचं नाव गावात 'नकली मास्तर' पडलं. त्यांनीच शिकवलेली पोरं सायकलवरून जाताना ओरडायची, "नकली मास्तर, आंबा काढा!" नाना मळ्यात गेले. कुंचले कुठे गेले ते मला कळलं नाही. आईनं चुलीत घातले असं ती म्हणायची, पण ते मी खरं मानत नाही. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात आईशेजारी पोतं अंथरून ते बसायला लागले. ओळखीचं कुणी आलं की मान खाली घालून जुड्या बांधायचे. आणि मी? मी मनात एक गोष्ट पक्की केली. हा माणूस माझ्या हातात सापडला पाहिजे. कसा ते माहीत नव्हतं. पण सापडला पाहिजे.

आता लोक मला विचारतात, तुम्ही या क्षेत्रात कशा आलात? कार्यक्रमात कुणी विचारलं तर मी वारसा, संस्कृती, कलेची आवड असलं काहीतरी गुळगुळीत बोलते. खरं उत्तर सूड. एम.एस्सी. करून अंबडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. तिथे एक यंत्र होतं, दिसायला पिस्तुलासारखं. धातूच्या तुकड्यावर धरलं की क्ष-किरण सोडायचं आणि आत लोखंड किती, निकेल किती, सगळं पडद्यावर दाखवायचं. तुकडा कापायचा नाही, घासायचा नाही, ओरखडासुद्धा नाही. पहिल्या दिवशी ते हातात घेतलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, हे चित्रावर धरलं तर? मग कळलं की जगात लोक ते चित्रांवर धरतातच. त्याच्या मागे लागून लागून मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पोहोचले. तिथे आम्ही जुनी चित्रं तपासायचो, हात न लावता. लाल हिंगुळात पारा सापडतो, पिवळ्या हरताळात सोमल म्हणजे आर्सेनिक, जुन्या सफेद्यात शिसं. टायटॅनियम सापडलं की समजायचं, पांढरा रंग गेल्या शंभरेक वर्षांतला. चित्र बोलत नाही, पण खोटंही बोलत नाही. माणसांपेक्षा बरं.

सिंहस्थ होऊन दोन वर्षं झाली होती. आमच्याकडे नाशिकहून पत्र आलं. एका प्रतिष्ठित घराण्याकडे अकरा लघुचित्रं आहेत, त्यांचं कायमचं दालन करायचं आहे, चित्रं अस्सल असल्याचा शास्त्रीय अहवाल हवा आहे. खालची सही बघून मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगायला हवं होतं की या घराण्याशी माझं जुनं वैर आहे. नाही सांगितलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं होतं. बायकांचं आडनाव बदलतं याचा मला आयुष्यात एवढा एकच फायदा झाला.

पुन्हा तेच दिवस. तेच चावरं ऊन. मी आणि माझा सहकारी यंत्रांच्या पेट्या घेऊन अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो. ते पंचाहत्तरीचे झाले होते, हातात काठी, पण आवाज तोच. मला त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार कसे? ज्याचं घर उपसलं त्याची मुलगी कशी दिसते हे बघायला ते आले कुठे होते! मला 'मॅडम' म्हणाले. सुनेला हाक मारून चहा सांगितला. मी तो प्यायले नाही.

एक गोष्ट मात्र मी ठरवली होती. माझ्या कामात बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. प्रत्येक नोंद सहकाऱ्यानं घ्यायची, पहिली सही त्याची. त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं. दोन दिवस आम्ही दहा चित्रं तपासली. त्यांतल्या चारांत पागोट्याच्या मोत्यापासून अंगरख्यापर्यंत सगळीकडे टायटॅनियम. ही चार अध्यक्षांनी स्वतः पारखून घेतलेली, ज्यांच्यावर ते पाहुण्यांना तासतासभर व्याख्यान द्यायचे. पडद्यावर तो आकडा चढताना मला जे वाटलं, ते देवळातसुद्धा कधी वाटलेलं नाही. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "पत्रात अकरा लिहिलंय. अकरावं?"

"ते नकली आहे. एका मास्तरानं फसवलं होतं आम्हाला. तुलनेसाठी यादीत घातलंय. म्हणजे लोकांना कळेल, अस्सल कसं आणि नकली कसं."

तुलनेसाठी! म्हणजे दालनात माझ्या बापाच्या नावानं खोटेपणाचा नमुना मांडायचा होता त्यांना. सुनेनं कपाटाच्या तळातून एक जाड काळं पाकीट काढून आणलं. त्यावर पांढऱ्या चिठ्ठीवर अध्यक्षांच्या अक्षरात: 'नकली. मास्तरांनी केलेली.' दहा वर्षं ते त्या पाकिटात होतं. उजेडाचा किरण नाही.

खोलीच्या खिडक्यांना आम्ही काळं कापड लावलं. आधी पिस्तूल. कंठ्यातल्या मोत्यांत शिसं. पिवळ्या अंगरख्यात सोमल. ओठांत पारा. टायटॅनियम कुठेच नाही. सहकारी म्हणाला, "मॅडम, हे तर सगळ्यात जुनं दिसतंय." मी म्हटलं, लिहा. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. चित्र जुनं आहे हे ठरलं तरी कुणी म्हणेल, मास्तरनं दुसरं जुनं चित्र आणून ठेवलं. हेच ते चित्र, हे कसं दाखवणार?

मग आम्ही अतिनील दिवा लावला. या जांभळट उजेडात काही पदार्थ आपोआप चमकतात. चेहरा अंधारा, पागोटं अंधारं, आणि कपाळाच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढा एक पिवळट हिरवा ठिपका लखलखून उठला. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. हळद. हळद त्या उजेडात अशीच चमकते.

सून माझ्या मागेच उभी होती. तिला विचारलं, "तुमच्याकडे चित्राला हळदीकुंकू वाहतात?"

"वाहायचो ना. सासूबाई, त्यांच्या आधी आजेसासूबाई. दसरा, दिवाळी, पाडवा. पहाटे, पुरुषमंडळी उठायच्या आत. आधी हळद, मग कुंकू. मी एकदा उलटं केलं तर सासूबाई केवढ्या रागावल्या होत्या."

आधी हळद, मग कुंकू! आपल्याकडे कुठल्या बाईला हे शिकवावं लागतं? कुंकू वरचं, म्हणून खपली झालं आणि नानांच्या पिसानं निघालं. हळद खालची, ती कागदात मुरली. इतक्या वर्षांची हळद कुणी आठ दिवसांत मुरवू शकत नाही. आणि हळदीचा रंग उन्हात उडतो. हे चित्र भिंतीवर टांगलं असतं तर तो ठिपका कधीच गेला असता. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं काळ्या पाकिटात घालून माझ्यासाठी तो जपून ठेवला होता.

"मग त्या वेळी कुणी सांगितलं का नाही?" मी सुनेला विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण ती दचकली.

"सासूबाई मला नंतर म्हणाल्या होत्या, कुंकू आम्हीच लावायचो म्हणून. पण बैठकीत बायकांना कोण विचारतं हो?"

म्हणजे बघा. एका घरात पिढ्यान्‌पिढ्या बायका पहाटे उठून त्या कपाळाला बोट लावतायत, आणि त्याच घरातला पुरुष छाती ठोकून सांगतो, चित्राला कुणी हात लावत नाही. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं. यानं माझा राग कमी व्हायला हवा, असं माझा नवरा म्हणतो. माझा तर दुप्पट झाला.

अहवाल मी लिहिला. चार चित्रं अलीकडची, नावानिशी. अकरावं चित्र जुनं, कपाळावर दीर्घकाळच्या पूजेतली हळद, म्हणून घरात पूजलं जाणारं तेच हे चित्र. पाकिटावरच्या मजकुराला आधार नाही. आणि एक ओळ आणखी लिहावी लागली. भिंगाखाली दिसलं होतं की गंधाच्या रेघेच्या डावीकडे अर्ध्या तांदळाएवढा मूळ रंग निघून गेलेला आहे, बहुधा कुंकवाची खपली काढताना. म्हणजे नानांच्या हातून. लेखणी जरा अडली माझी. पण चार चित्रांबद्दल खरं लिहायचं आणि इथे गप्प बसायचं, हे मला जमेना. लिहिलं.

संस्थेचे लोक बोलावून अध्यक्षांनी अहवाल वाचनाचा थाट मांडला होता. मी उभी राहून सगळा वाचला, सावकाश, शब्द शब्द. चार चित्रांपाशी त्यांचा चेहरा उतरला. अकराव्यापाशी ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "त्या मास्तरांचं नाव काय होतं गं?"

नाव विसरले होते! ज्याचं आयुष्य मातीत घातलं त्याचं नाव! मी म्हटलं, "मी सांगते." आणि माझं माहेरचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. माझा सहकारी माझ्याकडे बघतच राहिला.

"मुली," अध्यक्ष म्हणाले, "मास्तरांना पाठवून दे इकडे. मी बोलतो त्यांच्याशी."

"ते येणार नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही यायचं. गंगेवर, भाजीबाजारात, अमावस्येच्या आदल्या दिवशी. गिऱ्हाईक उभं असताना."

वाटलं नव्हतं, पण ते आले. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस. पाय ठेवायला जागा नाही, चिखल, पत्रावळींचे गठ्ठे, सगळीकडे अळूचा वास. नाना पोत्यावर बसले होते. त्यांनी कारली फिकी ते गडद अशी ओळीनं लावली होती, ती ते रोज तशीच लावायचे. मी आजूबाजूच्या सगळ्या माळणींना आधीच सांगून ठेवलं होतं, आज तमाशा आहे, जाऊ नका कुणी. गर्दीतून काठी टेकत, सुनेचा हात धरून अध्यक्ष आले आणि पोत्यासमोर उभे राहिले.

"मास्तर, माझी चूक झाली. चित्र आमचंच होतं."

आईनं मान वर केली. "मोठ्यानं बोला. त्या टोकाला ऐकू गेलं नाय."

ते मोठ्यानं बोलले. "मास्तरांनी फसवलं नाही. चूक माझी झाली." मी त्या क्षणाची दहा वर्षं वाट बघितली होती, आणि सांगते, अगदी जशी कल्पना केली होती तशीच ती चव होती. गोड. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला काही रितं वगैरे वाटलं नाही. मला वाटलं, अजून एकदा म्हणायला लावावं.

नानांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते. हातात गवारीची मूठ होती, ती खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "अगं, एक सांग. कपाळाचा रंग उडाला नाही ना? खपली निघाली तेव्हा मला जरा शंका आली होती. रात्रंदिवस तेच मनात येतं. माझ्या हातून रंग गेला का गं?"

दहा वर्षं! आम्हाला वाटत होतं, ते बदनामीनं खचले. नाव गेलं, नोकरी गेली, म्हणून गप्प झाले. आणि हा माणूस दहा वर्षं अर्ध्या तांदळाएवढ्या रंगासाठी झुरत बसला होता.

मी म्हटलं, "नाही नाना. कणभरही नाही."

आणि म्हणताक्षणी माझ्या लक्षात आलं की समोर अध्यक्ष उभे आहेत. अहवाल त्यांनी ऐकला होता, माझ्याच तोंडून, त्या ओळीसकट. भर बाजारात मी त्यांना दोनदा मान खाली घालायला लावली होती. आता एक शब्द पुरे होता. 'मॅडम, तुम्हीच तर लिहिलंय.' एवढंच. मी त्यांच्या जागी असते तर बोलले असते. नक्की बोलले असते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते काठीचा आधार घेत, सुनेला धरून, त्या चिखलात नानांसमोर जमेल तेवढे वाकले.

"नाही मास्तर," म्हणाले. "कपाळ जसंच्या तसं आहे. मी स्वतः भिंगातून बघितलंय. काय हलका हात हो तुमचा."

नाना हसले. पहिल्यांदा त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं, आणि उगाच, काय करावं न कळून, दोन कारली उचलून त्यांच्या हातात दिली. मी बाजूला उभी होते. त्या माणसानं आमचं जे जे केलं होतं, त्याचा सूड मी घेतला, पुरेपूर घेतला. पण ते एक खोटं तो माझ्यासाठी बोलला, माझ्या बापासाठी बोलला, आणि मला त्याच्या उपकाराखाली ठेवून मरून गेला. बाकी सगळं एक वेळ विसरेन मी. ते वाक्य मात्र मी त्याला कधीही माफ करणार नाही.